घर विकायला काढलंय, डागडुजी स्वतःच करावी का?

प्रश्न: आम्ही दोघं चिंचवडला राहतो. 1994 साली घेतलेला टू बीएचके फ्लॅट आहे, तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मिस्टर एका कारखान्याच्या टूलरूममधून गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुलगी नाशिकला असते, तिच्याजवळ जायचं ठरलंय, म्हणून हा फ्लॅट विकायचाय. मिस्टरांनी वहीत कामांची यादी केली आहे: सगळ्या घराला रंग, संडास-बाथरूमच्या टाइल्स, ओट्याला ग्रॅनाइट, दारं, खिडक्या, अगदी वायरिंगसुद्धा. सगळं स्वतः करणार म्हणतात. मजुरी वाचेल आणि वर दोन-तीन लाख जास्त येतील, असा त्यांचा हिशोब. एजंटही रंग काढून घ्या म्हणतो. जावई म्हणतात, आहे तसं विका. बेडरूमच्या भिंतीला बाथरूमच्या बाजूने ओल आहे. त्यावर दीर म्हणाले, गिऱ्हाईक यायच्या आठवडाभर आधी पुट्टी मारून रंग लावा, कोणाला कळतंय! मिस्टर 61 वर्षांचे आहेत, गुडघा दुखतो, पण ऐकत नाहीत. रोज यावरून वाद होतात. काय करावं?

उत्तर:

नमस्कार ताई,

वहीतली यादी जशीच्या तशी उतरवून पाठवलीत हे बरं केलंत. मला त्यात दोन याद्या एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या. घर नीट विकलं जावं म्हणून करायची कामं ही एक, आणि इतकी वर्षं 'पुढच्या दिवाळीला बघू' म्हणत राहून गेलेली कामं ही दुसरी. कडाप्प्याच्या ओट्याला ग्रॅनाइट हे दुसऱ्या यादीतलं आहे, हे तुम्हालाही पटेल. मिस्टरांना आत्ता कुठे वेळ मिळालाय, हातात कसब आहे, तेव्हा ती कामं डोकं वर काढणारच. पण त्या ओट्यावर पोळ्या दुसरंच कुणीतरी लाटणार आहे. नवीन मंडळी घर ताब्यात आलं की सगळ्यात आधी स्वयंपाकघरच फोडतात. तुम्ही हौसेने बसवलेला ग्रॅनाइट तीन महिन्यांत राडारोड्याच्या पोत्यात जाताना ऐकलात, तर पैशापेक्षा मिस्टरांच्या मेहनतीचंच वाईट वाटेल. तर त्या वहीत दोन रकाने पाडा, आणि प्रत्येक काम कुठल्या रकान्यातलं ते दोघांनी बसून ठरवा. वाद होईल, पण निदान कामाबद्दल होईल, गुडघ्याबद्दल नाही.

रकाने पाडायच्याही आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठा आणि पुनर्विकासाचं कुठवर आलंय ते विचारा. तुमच्या इमारतीने तिशी ओलांडली आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी व्हायला हवं. ते झालंय का आणि त्यात काय निघालं, हेही विचारा. सर्वसाधारण सभेत बिल्डरांचे प्रस्ताव मागवायचा ठराव झाला असेल, तर तुमचा फ्लॅट घेणारा भिंतींकडे बघणारच नाही. तो बघेल कराराप्रमाणे चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया, किती, जमिनीचं अभिहस्तांतरण होऊन ती सोसायटीच्या नावावर आलीय का, सभासदांत भांडणं आहेत का. अशा फ्लॅटच्या बाथरूमला नव्या टाइल्स लावणं म्हणजे पाडायच्या भिंतीला तोरण बांधणं. तसं असेल तर तुमचे जावई शंभर टक्के बरोबर आहेत: घर झाडून-पुसून घ्या, गळके नळ बंद करा आणि विका.

पुढचं सगळं, पुनर्विकास नजीक नाही असं धरून लिहिते.

एजंट रंग काढा म्हणतो, त्याचं कारण समजून घ्या. त्याला दलाली टक्केवारीवर मिळते. किंमत दोन लाखांनी वाढली तर एक टक्क्याने त्याच्या पदरात दोन हजार जास्त पडणार. त्याला खरा फायदा आहे तो व्यवहार लवकर होण्यात. रंगवलेलं घर लवकर उठतं, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण 'लवकर विकलं जाईल' आणि 'दोन-तीन लाख जास्त येतील' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या घरात पहिलीचं दुसरीत रूपांतर झालेलं दिसतंय.

लवकर का उठतं, तेही बघा. समजा तुमच्या फ्लॅटची किंमत 48 लाख ठरली. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे घेणाऱ्याने स्वतःचे 9 लाख 60 हजार घालायचे. त्यावर पिंपरी-चिंचवड भागातलं 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 3 लाख 36 हजार. खरेदी बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. मग नोंदणीचे 30 हजार. दलाली आणि सामान हलवणं धरलंच नाही, तरी सव्वातेरा लाख रोख उभे करताना ते नवराबायको दमलेले असतात. गृहकर्जाच्या हिशोबात रंगाचे पैसे कुठेच नसतात. त्यामुळे त्यांना हवं असतं ते सामान आणून सरळ राहायला लागता येईल असं घर. चकचकीत नसलं तरी चालतं. गळणारं, अडकणारं, वास येणारं नको असतं. तुमच्या पहिल्या रकान्यात कुठली कामं जायला हवीत, ते यावरूनच ठरवा.

आता मजुरीचं. मिस्टर म्हणतात मजुरी वाचेल. वाचेल, पण वेळ फुकट नसतो. 48 लाख हातात येऊन बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते, तर महिन्याला 26 हजार व्याज आलं असतं. स्वतः सगळं करण्याच्या नादात विक्री तीन महिने लांबली तर 78 हजार गेले, शिवाय तेवढ्या महिन्यांचा मेंटेनन्स. आणि कामाचा आवाका बघा: रंगवायच्या भिंती आणि छत मिळून क्षेत्रफळ साधारण चटई क्षेत्राच्या साडेतीन पट धरतात. तुमचं चटई क्षेत्र 500 चौरस फूट असलं तरी साडेसतराशे चौरस फूट झालं. ते खरवडायचं, पुट्टीचे दोन हात, घासायचं, प्रायमर, वर रंगाचे दोन हात. यातला छताचा भाग रंगाऱ्यांच्या उंच लाकडी घोड्यावर उभं राहून, मान वर करून. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने हे करू नये हे मी सांगायला नको. पण 'तुम्हाला झेपणार नाही' या शब्दांत सांगाल तर ते उद्याच घोडा भाड्याने आणतील. त्यांना हा व्याजाचा हिशोब दाखवा. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला मशीन बंद राहण्याची किंमत चांगली कळते.

ओलीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण या पत्रातलं खरं काम तेवढंच आहे.

दिरांचं ऐकू नका. एक तर ते टिकत नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं, सोबत क्षार आणतं, आणि पांढरी खारट बुरशी दिसावी तशी लव फुटून पोपडे सुटतात. ताज्या रंगाचा एकच चौकोन पाहिला की जाणकार गिऱ्हाईक आधी तिथेच बोटाने टकटक करतं. आणि दुसरं, हे कायद्यातही बसत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. पुट्टीखाली झाकलेली ओल यात सरळ बसते. जुना फ्लॅट आहे, गिऱ्हाइकाने बघून घ्यावा, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण बघता येऊ नये अशी सोय आपणच केली असेल तर ते म्हणणं उभं राहत नाही. नाशिकला जाऊन सहा महिन्यांनी वकिलाची नोटीस घेण्यापेक्षा आत्ता भिंत उघडी पाडलेली परवडली.

ओल कुठून येते ते शोधायला पावसाळ्यासारखा दुसरा काळ नाही. आत्ता श्रावण आहे, तेव्हा लगेच लागा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि तारीख लिहा. मोठा पाऊस झाल्यावर डाग रेघेबाहेर गेला आणि उघडीप मिळाल्यावर आत आला, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा सामायिक पाइपमधून येतंय. ती दुरुस्ती सोसायटीची जबाबदारी आहे, तुमची नाही. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डाग पावसाकडे ढुंकूनही बघत नसेल, बारा महिने तसाच असेल, जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतच चढत असेल, तर ते बाथरूमचं पाणी. आतली, म्हणजे संडास, बाथरूम आणि सिंकची गळती सभासदाने स्वखर्चाने काढायची असते.

त्यातही नेमकं कुठलं पाणी? रात्री न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भोकाच्या, तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेलं फडकं घट्ट बसवा, बाथरूमच्या जमिनीवर इंचभर पाणी साठवा, टाइलवर पाण्याची रेघ आखा. सकाळी पातळी डोळ्याला कळण्याइतकी उतरली असेल, तर फरशीच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या कडेने पाणी मुरतंय. खालच्या मजल्यावरच्यांना आधी कल्पना द्या, म्हणजे त्यांनाही छत बघता येईल. पातळी हलली नाही, तर संशय भिंतीतल्या पाइपवर. त्या काळातल्या इमारतींत बहुतेक जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप भिंतीत गाडलेले आहेत आणि ते आतून गंजतात. बाथरूमचा व्हॉल्व्ह आठवडाभर बंद ठेवा, बादलीने पाणी न्या, आणि डागाची कड बघत राहा. सुकायला लागली की चोर सापडला. हे सगळं मिस्टरांनी करायचं. त्यांच्या स्वभावाचं काम आहे, गुडघ्याला त्रास नाही, आणि प्लंबरला बोलावलं की 'सगळं बाथरूम फोडावं लागेल' हे वाक्य ऐकून घेण्याची वेळ येणार नाही.

सांध्यांतून मुरत असेल, तर टाइल्स न फोडताही पुष्कळदा भागतं. सांध्यांतलं काळं पडलेलं सिमेंट खरवडून काढायचं, सगळं कोरडं होऊ द्यायचं, आणि एपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न मुरू देणारा भराव, भरायचं. ट्रॅपची कड आणि कमोडचा पाया यांचंही तसंच. हे ग्राउट लवकर कडक होतं, म्हणून थोडं थोडंच कालवावं आणि टाइलवर पसरलेलं लगेच पुसावं. टूलरूमचा हात असलेला माणूस हे काम गवंड्यापेक्षा नीटस करेल. पाइप गंजला असेल तर मात्र जुनी लाइन तशीच बंद करून नवा सीपीव्हीसी, म्हणजे न गंजणारा प्लॅस्टिकचा पाइप भिंतीवरून उघडा फिरवला तरी चालतं. देखणं नसतं, पण तोडफोड नाही आणि पुढच्या मालकाला पाइप दिसतो तरी.

संपूर्ण बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग करून टाइल्स लावणं हे दुसऱ्या रकान्यातलं काम आहे. ते चुकलं तर पाणी खालच्यांच्या छतातून येतं, आणि तोवर घर तुमचं नसलं तरी फोन तुम्हालाच येतो.

भिंत उघडी केलीत की आधीचे आणि नंतरचे फोटो काढा, प्लंबरचं बिल घ्या, ग्राउटच्या पाकिटाचाही फोटो ठेवा. गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगा: 'इथे ओल होती, या महिन्यात पाइप बदलला, हे बिल.' लोक दचकतील असं तुम्हाला वाटतं. उलट, तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षीच्या फ्लॅटमध्ये ओल कुठेच नाही म्हणणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतात.

रंग कधी लावायचा, तर भिंत सुकल्यावर. पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला डकवा आणि दिवसभर तसाच ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले तर भिंत अजून ओली आहे. गणपती होऊन पाऊस ओसरेपर्यंत थांबा. तसंही पितृपंधरवड्यात कोणी टोकन देत नाही. तो काळ रंगाऱ्याला द्या आणि घटस्थापनेपासून घर दाखवायला लागा. त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक येणार, असं मिस्टरांना तारखेनिशी सांगा आणि एक अट घाला: एक खोली पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. अर्धवट खरवडलेल्या भिंती, कोपऱ्यात पुट्टीच्या गोण्या आणि वर्तमानपत्राखाली झाकलेला सोफा, असं घर बघून गिऱ्हाईक किंमत पाडूनच मागतं. त्यापेक्षा जुना पिवळट डिस्टेंपर बरा.

रंग सगळीकडे एकच, फिकट. हॉल-बेडरूमची छतं आणि भिंती रंगाऱ्याकडून करून घ्या. मिस्टरांकडे काय उरतं? पुष्कळ उरतं.

नळ सगळे. टपटपणाऱ्या नळाचा वॉशर किंवा स्पिंडल, फ्लशच्या टाकीतून सतत झिरपणारं पाणी, सिंकखालचा गळका पाइप. घर बघायला आलेले लोक नळ सोडून बघतातच. सरकत्या खिडक्यांचे ट्रॅक: त्यातली वर्षांची माती जुन्या टूथब्रशने काढून रोलर बदलले की खिडकी एका बोटाने सरकते, आणि एवढ्यावरही माणसाचं मत बदलतं. कड्या, बिजागऱ्या, ड्रॉवरच्या पट्ट्या. मोझॅक फरशी असेल तर तिच्यावर नवीन टाइल्स चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जमीन उंचावते, सगळी दारं खालून कापावी लागतात. मशीनने पॉलिश करून घ्या, पण रंगाच्या आधी, कारण त्या पॉलिशचा चिखल फूटभर वर भिंतीवर उडतो.

दारांचं एक सांगते. आत्ता बाथरूमचं आणि बाल्कनीचं दार चौकटीत अडकत असेल, मिस्टरांचा हात रंध्याकडे वळत असेल. थांबवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं. आत्ता रंधा मारलात तर दिवाळीनंतर तेच दार आकसून फट पडेल. आधी बिजागरीचे स्क्रू घट्ट करून बघा, निम्म्या वेळा दार उतरल्यामुळेच घासतं. मग घासणाऱ्या कडेवर खडू लावून दार मिटा, कुठे लागतं ते चौकटीवर उमटेल, तिथे मेणबत्ती चोळा. एवढ्यावर पावसाळा निघतो. रंधा ऑक्टोबरच्या उन्हात.

आणि दारं-खिडक्यांचा जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. तुमच्या चौकटींवरचे आतले थर 1994 चे आहेत. त्यात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायचं: वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, तोंडाला नीट मास्क, नंतर जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ती धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक, तेव्हा नाशिकहून नातवंडं आलेली असताना हे काम बंद.

ज्याला हात लावायचा नाही ते थोडक्यात. वायरिंग नाही. फुटलेलं बटण किंवा पंखा बदलणं वेगळं. नवीन लाइन ओढणं परवानाधारक वायरमनचंच काम आहे. त्याला बोलावलंत की अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्या. या सगळ्या यादीत कमी खर्चात सर्वांत उपयोगी वस्तू तीच आहे. पाइप गॅसची लाइन इंचभरही सरकवायची असेल तर गॅस कंपनीचाच माणूस. आणि बीम, कॉलम, स्लॅब, भिंत पाडणं, यातलं काहीही नाही. यावर चर्चासुद्धा करू नका.

तुमच्या पत्रात एका दुरुस्तीचा उल्लेखच नाही, आणि व्यवहार बहुतेक तिथेच अडतात. कागद. शेअर सर्टिफिकेट सापडतंय का आणि त्यावर दोघांची नावं करारातल्यासारखीच आहेत का? महापालिकेच्या कर पावतीवर आणि महावितरणच्या बिलावर कोणाचं नाव आहे? जुनं गृहकर्ज फिटलं तेव्हा बँकेकडून मूळ करार परत आणला होता का? मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत सोसायटीत आहे का? बाल्कनी आत घेतलेली असेल तर घेणाऱ्याच्या बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस ती नकाशाशी ताडून बघेल. त्याला काय सांगायचं ते आधी ठरवा. महापालिका हद्दीत सोसायटीचा हस्तांतरण अधिमूल्याचा, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना ती घेते त्या रकमेचा, आकडा 25 हजारांपेक्षा जास्त असू शकत नाही, हेही माहीत असू द्या. काही ठिकाणी 'देणगी' म्हणून जास्त मागतात. ज्या दिवशी पाऊस पडतोय आणि भिंतीचं काही करता येत नाही, त्या दिवशी मिस्टरांपुढे ही फाइल ठेवा. रंगापेक्षा ह्याने व्यवहार जास्त लवकर होईल.

कराचं थोडं. 1 एप्रिल 2001 पूर्वी घेतलेल्या घराची त्या दिवशीची बाजारभावाची किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरावर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला महागाई निर्देशांक न लावता 12.5 टक्के किंवा लावून 20 टक्के, यांतला जो कमी बसेल तो दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा कर भरता येतो. 2001 नंतर घरात केलेली मोठी सुधारणा खर्चात धरता येते, पण बिल असेल तरच. साधी रंगरंगोटी सहसा धरली जात नाही, आणि मिस्टरांच्या स्वतःच्या घामाचं बिल होत नाही. नाशिकला या पैशांतून घर घेणार असाल तर करात सवलत मिळू शकते. टोकन घ्यायच्या आधी सीएंना भेटा, नंतर नाही.

राहता राहिली किंमत. दोन-तीन लाख जास्त येतील की नाही, याचा निकाल एजंट, जावई किंवा मी देऊन उपयोग नाही. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2, म्हणजे इंडेक्स टू, नोंदलेल्या करारांचा गोषवारा, बघायला मिळते. तुमच्या आणि शेजारच्या इमारतींतले गेल्या दोन वर्षांत विकले गेलेले फ्लॅट त्यात शोधा. करारातली किंमत कळेल. ते फ्लॅट विकताना कसे होते, हे तुम्हाला आणि शेजारणींना माहीत असणारच: कोणी रंग काढला होता, कोणी नुसतं झाडून दिलं. ती दोन-चार नावं आणि आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून मिस्टरांपुढे ठेवा. तोवर टाइल्सच्या दुकानात जायचं नाही, एवढंच त्यांच्याकडून कबूल करून घ्या.